नक्कल करणार, मुकाबला करणार

मधुसूदन कामावर परत आला तो फाल्गुनातला सोमवार होता. कचेरीतल्या एकालाही त्या दिवशी आपले हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हते. कुणी कागदांचे बांधलेले बस्ते सोडून पुन्हा बांधत होता, कुणी भरलेल्या दौतीत शाई ओतत होता. नक्कल विभागाचा मुख्य मी, तेव्हा पहिला शब्द माझाच असायला हवा होता. मी म्हणालो, "ये मधू, बस. ऊन फार आहे नाही यंदा?" सकाळचे साडेदहा वाजले होते आणि ऊन काही विशेष नव्हते.

तो बसला. टाक उचलून निब नखावर टेकवून पाहिली आणि म्हणाला, "काका, काय लिहायचं आहे?"

आठ महिने तो नागपूरच्या इस्पितळात होता. गावातले लोक सरळ पागलखाना म्हणत. आम्ही कचेरीतली शिकलेली माणसे नुसते 'नागपूर' म्हणत होतो, पण आवाज तसाच खाली आणून. त्याआधी त्याची झोप अजिबात उडाली होती. एका सकाळी त्याने सगळ्या मिसली, म्हणजे जुन्या कागदांचे गठ्ठे, खोलीच्या मधोमध रचल्या आणि त्यांच्यावर जाऊन बसला. मी उठलो की हे कागद जळतील, ज्वाळा मला दिसून राहिल्या आहेत, असे तो म्हणत होता. दुपारपर्यंत त्याला कुणी उठवू शकले नाही. शेवटी मीच हात धरून उठवला. त्या हाताची थरथर माझ्याच हातात राहून गेली म्हणा ना.

आमचे काम तसे साधे आहे. लोक जुन्या कागदांच्या नकला मागतात. कुणाला वाटणीपत्र हवे असते, कुणाला खरेदीखत, कुणाला वहिवाटीचा निवाडा. नक्कलनवीस अस्सल मिसलीवरून मजकूर उतरवतो. मग होतो मुकाबला. लिहिणाऱ्याने अस्सल कागद हातात घेऊन मोठ्याने वाचायचा आणि दुसऱ्याने नकलेवर बोट ठेवून शब्द न् शब्द ताडून पाहायचा. शेवटी खाली दोन नावे पडतात: नक्कल करणार अमुक, मुकाबला करणार तमुक. दोन्हीकडे एकच नाव कधी येत नाही. आपली चूक आपल्याला दिसत नसते, हे सरकारलाही ठाऊक आहे. त्या वर्षी कागद मात्र अजून जुन्या राज्याचेच होते. दोन वर्षे झाली होती आम्हाला मुंबई राज्यात जाऊन, तरी वरचे 'मध्यप्रदेश' खोडून आम्ही 'मुंबई' लिहीत होतो.

तहसीलदार साहेबांनी मला आत बोलावले होते. "डॉक्टरांचं पत्र आहे, काम द्या म्हणून. देतो. तीन महिने पाहीन. पण पंत, मोठी चूक झाली तर मी त्यांना ठेवू शकणार नाही. लोकांचे हक्क असतात त्या कागदांवर."

आणि त्याच संध्याकाळी मधूची बायको कुंदा आमच्या ओट्यावर येऊन बसली. पुसदची मुलगी, बोलायला खंबीर. म्हणाली, "काका, घरी आम्ही सगळेच त्यांना जपतो. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. त्यानं माणूस बरा नाही होत, बसून बसून बाहुला होते. तुम्ही तरी त्यांना काम द्या. नुसती खुर्ची नका देऊ."

मी मान हलवली. आणि नेमके उलटे केले.

का केले, ते सांगतो. मी तीस वर्षे कीर्तनात मागे उभा राहणारा माणूस. हाती झांजा, आणि काम झील धरायचे. बुवांचा दम तुटला, आवाज खाली आला, की मागच्याने ती ओळ अलगद वर उचलायची. समोर बसलेल्या मंडळींना कळूसुद्धा नये. माझ्यात दुसरा गुण नसेल, पण हा आहे. राममंदिरात येणारा प्रत्येक बुवा "पंत कुठे आहेत?" असे आधी विचारतो. तेव्हा मला वाटले, मधूचीही ओळ आपण अशीच उचलू. कुणाला कळणारही नाही.

त्याच्या पहिल्याच नकलेवर शाईचा डाग पडला होता आणि शेवटच्या ओळी जराशा खाली उतरल्या होत्या. "मुकाबला मी करून घेतो, तू पुढचं घे," असे म्हणून मी तो कागद आणि अस्सल मिसल पिशवीत घातली. मिसल घरी नेणे हाच मुळात गुन्हा. रविवारी पूजा आटोपून, सोवळे न सोडताच, मी सगळी नक्कल नव्याने लिहिली. मधूला अक्षर मीच शिकवलेले, वळण दोघांचे सारखे. खाली लिहिले: नक्कल करणार, मधुसूदन. मुकाबला करणार, सदाशिव. दोन्ही ओळी खोट्या होत्या. पण अंगावर सोवळे होते ना! मला ती सेवाच वाटली.

दुसऱ्या नकलेवर डाग नव्हता. तीही मी पुन्हा लिहिली. मग तिसरी. भीतीला एकदा पाट दिला की ती पंगत संपेपर्यंत उठत नाही. मधूने लिहिलेले कागद मी अस्सलाशी ताडून कधी पाहिलेच नाहीत. फाडवतही नव्हते, लिहिलेला कागद फाडू नये. देवघराखालच्या पेटीत ठेवत गेलो.

"काका, मुकाबला?" तो रोज विचारायचा.

"झाला, झाला."

"मला न बोलावताच? वाचलं कोणी?"

"तू वाचलंस काय नि मी वाचलं काय."

तो माझ्याकडे पाहत राहायचा. आमचे चपराशी नानाजी तर माझ्या पिशवीवर टपलेलेच. "पंत, तुमाले घरी बी कचेरी लागते काय? काकू काई म्हनत नाई? का त्याईले बी नकला शिकवून राह्यले?" सगळे हसायचे. मधूही हसायचा. तो आता सगळ्यांत बसून डबा खाऊ लागला होता. त्याची झोप सुधारत होती आणि माझी बिघडत होती. कुणी मागून "पंत" म्हटले की पिशवीवर हात जाई.

चैत्र लागला आणि लखीराम नाईकाचा अर्ज आला. कचेरीपासून आठ मैलांवर त्याचा तांडा. त्याच्या आजोबाच्या काळापर्यंत बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरलेले हे लोक, आता आपल्या तांड्यात शेती करून स्थिरावलेले. तांड्याची गाडीवाट पाटलाच्या वावरातून जात होती. पाटलाने यंदा तिथे काटे टाकले. छत्तीस वर्षांपूर्वीचा निवाडा तांड्याच्या बाजूने होता, त्याची नक्कल पेशीत, म्हणजे सुनावणीत, दाखवायची होती. मधूने ती लिहिली. मी रविवारी पुन्हा लिहिली. देवळात रामनवमीचा मांडव पडत होता, माझा एक कान तिकडे होता. सोमवारी सही-शिक्क्यानिशी नक्कल लखीरामच्या हाती गेली.

पाचव्या दिवशी तो परत आला. पागोटे, हातात काठी, आणि उंबऱ्यावरूनच मोठ्याने, "पंत! माह्या बापाची अर्धी वाट कोनं खाल्ली?"

"बसा नाईक. काय झालं?"

"बसाले नाई आलो. आमच्या नेमसिंग मास्तरानं कागद वाचून दाखोला. त्यात एक ओळच नाई."

"तुम्हाला कसं कळलं? तुम्हाला तर वाचता येत नाही."

"वाचता नाई येत, पन आयकता येते ना! बाप आमचा दर होळीले पुऱ्या तांड्यासमोर हा निवाडा तोंडानं म्हने. त्याच्या मांगून आता मी म्हनतो. लहान लेकराईले बी पाठ हाय." त्याने काठी टेकवली, डोळे मिटले आणि एखादे पद म्हणावे तसे म्हणाला, "'पीक उभे असता धुऱ्याधुऱ्याने, पीक निघाल्यावर वावरामधून, याप्रमाणे बारमाही वाट.' तुमच्या कागदात धुराच नाई! पीक उभं असलं म्हंजे आमी काय उडत जाऊ? गाडी, बैल, बाळंतीन, समदं हवेतून नेऊ? काहून असं केलं, सांगा मले."

मी मिसल काढली. खरे होते. अस्सल कागदात दोन ओळी एकाखाली एक 'पीक' या शब्दानेच सुरू होत होत्या. माझी नजर वरच्या ओळीवरून घसरून खालच्या ओळीवर पडली होती. धुरा, म्हणजे शेताचा बांधच, नकलेतून गळला होता.

अव्वल कारकुनाने लखीरामच्या हातून नक्कल घेऊन तळाशी पाहिले. "नक्कल करणार, मधुसूदन."

खोलीतल्या सगळ्या माना तिकडे वळल्या. नानाजींनी मधूच्या टेबलावरचा पाण्याचा पेला हळूच बाजूला घेतला, जणू आता काहीही होऊ शकते. मधू उठला. कागद हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला.

"हे मी लिहिलं?"

मी म्हणालो, "होतं कधी कधी. चालायचं."

साहेब दौऱ्यावर होते, रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. तोवर कागद त्यांच्या टेबलावर ठेवण्यात आला. लखीराम आपल्या संताची शपथ घेत म्हणाला, "मी येतो त्या दिवशी. सेवाभायाची आन, ओळ घेतल्याबिगर जात नाई."

दुसऱ्या दिवशी मधू कामावर आला नाही. चारच्या सुमारास मागच्या दाराने आमच्याकडे आला आणि तिथल्या ओट्यावर बसला. मी भिंतीला टेकून उभा राहिलो, मला बसवेना.

"काका, मला ती धुऱ्याची ओळ आठवते," तो म्हणाला. "तिथं अस्सल कागदाला कसर लागली आहे. 'धुऱ्या' एकदा आहे की दोनदा ते दिसत नव्हतं. मी खिडकीशी जाऊन उजेडावर धरलं, दोनदा आहे असं पाहिलं आणि मग लिहिलं. हे इतकं स्पष्ट आठवते. पण तेव्हा ज्वाळाही मला इतक्याच स्पष्ट दिसत होत्या. मग आता विश्वास ठेवू तरी कशावर?"

"चहा घेतोस?" मी विचारले.

"डॉक्टर म्हणाले होते, न घडलेलं घडलं असं पुन्हा वाटू लागलं तर ताबडतोब या. राजीनामा लिहून ठेवला आहे. परवा साहेबांना देतो आणि तसाच नागपूरच्या मोटारीत बसतो." तो उठला. जाता जाता मला नमस्कार केला त्याने. मला!

तो गेला आणि मी घरात फेऱ्या मारू लागलो. सव्वीस वर्षांची नोकरी. एकोणीस सरकारी कागदांवर खोटी नावे. बोललो तर माझे काय होईल याचा मी हिशेब करत होतो आणि देवापुढे समई लावत होतो. वात नीट लागेना. बायको म्हणाली, "तुम्हाला काय होऊन राहिलं आहे?" मी तिच्यावरही ओरडलो.

रामनवमीचे कीर्तन दहाला सुरू झाले. ढाणकीकडचे बुवा आले होते, गोड गळ्याचे, विनोदी. बारा वाजता जन्म. मांडव गच्च भरला होता. मी झांजा घेऊन मागे उभा राहिलो, पण चित्त थाऱ्यावर नव्हते. बुवांनी ध्रुपद घेतले आणि ते पुरे होण्याआधीच मी ते उचलले. बुवांनी एकदा मागे वळून पाहिले. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी बुवांनी हात वर करून तबला थांबवला.

"अहो सदाशिवपंत! ओळ अजून माझ्या तोंडात आहे, ती काढून घेऊन तुम्ही निघाले कुठं?"

मांडव हसला. बायकांकडूनही हसू आले. बुवा रंगात आले होते. "मंडळी, झील धरणारा असा पाहिजे, की बुवा पडला तर धरील. पण आमचे पंत चालत्या माणसालाच खांद्यावर घेतात! अहो, ठेवा मला खाली, माझे पाय चांगले आहेत."

पुन्हा हसू. मीही हसायला तोंड उघडले आणि ते तसेच उघडे राहिले. मी झांजा बुवांच्या पायाशी ठेवल्या. जन्म व्हायला अजून घटकाभर होती. तीस वर्षांत गुलाल पडण्याआधी मी मांडव सोडला नव्हता. दाराशी ज्या वहाणा पायाला लागल्या त्या घालून मी घरी पळालो, पेटी उघडली आणि कागद छातीशी धरून मधूकडे गेलो.

दार कुंदाने उघडले. भिंतीशी वळकटी बांधून ठेवलेली होती. मधू खाटेवर बसला होता. मी शेजारी बसून कागद त्याच्या मांडीवर ठेवले, वरचाच लखीरामचा. त्याने पाहिले. बोट चालत चालत धुऱ्याधुऱ्याने या शब्दावर आले आणि थांबले.

"तुझे कागद मी कधी दिलेच नाहीत," मी म्हणालो. "सगळे पुन्हा लिहिले. तुझं नाव घातलं. ओळ माझ्या हातून सुटली."

मधूने तो कागद उजेडाकडे धरून पुन्हा वाचला. देवळाकडून टाळ्यांचा आवाज येत होता.

"म्हणजे मला आठवत होतं ते घडलेलंच होतं."

"हो."

"आणि काल मी तुमच्या ओट्यावर बसून विचारलं, तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं."

"हो."

"काका, उठा," कुंदा म्हणाली. "तुम्ही मोठे आहात म्हणून हात जोडते. पण उठा."

"थांब कुंदा." मधूने कागद नीट जुळवले. तोही चिडला होता, त्याच्या मानेवरची शीर दिसत होती. "यांचा मुकाबला झाला आहे?"

"नाही. पण बरोबरच असतील रे सगळे."

"कशावरून? आधी न पाहताच चूक ठरवलेत. आता न पाहताच बरोबर ठरवता. माझ्या लिहिण्याकडे एकदा तरी नुसतं पाहायचं होतं, काका."

मला जे ऐकायला हवे होते ते त्याने ऐकवले. क्षमा केली असे तो म्हणाला नाही आणि मीही मागितली नाही. तोंड नव्हते.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे मी सगळे सांगितले. मिसली घरी नेल्या ते, नावे घातली ते, गप्प राहिलो ते. लखीराम उंबऱ्याशी उकिडवा बसून ऐकत होता.

साहेबांनी चष्मा काढला. "निवृत्तीला किती वर्षं, पंत?"

"चार."

"ती तुम्ही साधे नक्कलनवीस म्हणून काढा. मुख्य नाही. वर लिहावं लागेल, पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही. दिलेल्या नकला परत मागवा." मग ते मधूकडे वळले. "आणि तुम्ही, तुमचा प्रश्न मिटलेला नाही. तुम्हाला हे काम जमते की नाही, मला आजही माहीत नाही. यांनी ते कोणाला कळूच दिलं नाही. हे एकोणीस कागद आत्ता, माझ्यासमोर ताडा. बोट पंतच ठेवतील. मी पाहतो आहे."

मधूचा हात एकदा खिशाकडे गेला. राजीनामा तिथे असावा. तो त्याने काढला नाही. खुर्ची ओढून बसला, अस्सल कागद उचलला.

पहिला निवाडा लखीरामचा. मधू वाचू लागला तेव्हा आवाज जरा चिरकला, मग लागला. उंबऱ्याशी लखीरामचे ओठ हलत होते. धुऱ्यापाशी तो मोठ्यानेच म्हणाला, "हां! हा हाय माह्या बापाचा कागद!" साहेबांनी सही केली. कागद पागोट्यात खोवूनही तो जाईना. "बसतो थोडासाक. चांगलं वाचते हा."

दुसरा कागद बरोबर. पाचवा बरोबर. माझी मान दुखू लागली. नानाजी दारात उभे, पाणी विचारायचेही विसरलेले.

दहावे खरेदीखत होते. मधूने वाचले, "पूर्वेस नाला." माझ्या बोटाखाली होते, पश्चिमेस नाला.

त्याचे वाचन पुढे गेले. एक शब्द, दोन शब्द. साहेब दुसऱ्या कागदांवर सह्या करत होते. हे फक्त मला दिसत होते. शेताची हद्दच उलटी पडली होती, म्हणजे लहान चूक नव्हती. टाक हाताशी होता. आत्ता गप्प राहायचे आणि दुपारी कुणी नसताना 'पश्चिमेस'चे 'पूर्वेस' करायचे, एवढेच होते. माझे बोट सरकायला निघाले. मी ते दाबून धरले, इतके की नखाखाली कागदाला खूण पडली.

"थांब मधू," मी म्हणालो. "इथं चुकलं आहे."

साहेबांचा टाक थांबला. मधू उठून माझ्या बाजूला आला. दोन्ही कागद शेजारी ठेवले. त्याने एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे.

"हो," तो म्हणाला. "पूर्वेसच्या जागी पश्चिमेस पडलं. हे माझंच आहे."

नियमाप्रमाणे त्याने त्या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, वर बरोबर शब्द लिहिला आणि बाजूला आपली छोटी सही केली. टिपकागद दाबला. मग साहेबांकडे तोंड करून उभा राहिला.

साहेबांनी तो कागद मागून घेतला, सहीपर्यंत पाहिला, परत दिला. "दहात एक. मुकाबला त्यासाठीच असतो," ते म्हणाले. "अजून किती आहेत?"

"नऊ," मी म्हणालो.

"मग थांबता कायले? वाचा," उंबऱ्याशी बसलेला लखीराम म्हणाला.

मधू जागेवर गेला. अस्सल कागद उचलला, बाही वर सारली. "काका, बोट ठेवलंत?"

"ठेवलं."

तो वाचू लागला, या वेळी इतक्या मोठ्याने की व्हरांड्यात बसलेले अर्जदारही बोलायचे थांबले.